लूप लागला आणि सही माझीच निघाली

जुलैमधला सोमवार, पाऊस नुसता कोसळत होता. डोंबिवलीहून पकडलेली फास्ट घाटकोपरच्या आधीच रखडलेली आणि माझ्या फोनवर सात मिसकॉल, सगळे एकाच ऑफिसमधून. मी एएमसीवर, म्हणजे वर्षाच्या देखभालीच्या करारावर, नेटवर्किंगची कामं करतो, पाच-सहा ऑफिसं धरून ठेवलीयत, त्यातलंच हे एक. लोअर परळला जुन्या इंडस्ट्रियल इस्टेटमध्ये दुसरा आणि तिसरा असे दोन मजले, ऐंशीच्या आसपास मशीन, इम्पोर्ट-एक्स्पोर्टचं काम. गर्दीत कसाबसा फोन कानाला लावला तर अ‍ॅडमिनच्या मॅडम, "अहो नेट गेलंय." मी सवयीने म्हटलं राउटर बंद करून चालू करा. "केलं, तीनदा केलं. आणि नुसतं नेट नाही हो, टॅली उघडत नाही, प्रिंटर चालत नाही, टेबलावरचे फोन पण मेलेत."

तिथेच पोटात गोळा आला. नुसतं इंटरनेट गेलं तर दोष बाहेरचा, प्रोव्हायडरच्या नावाने शंख करायचा आणि वडापाव खायचा. पण टॅलीचा सर्व्हर आतच आहे, त्याला बाहेरच्या नेटशी घेणंदेणं नाही. तोही दिसत नाही म्हणजे घरातच आग लागलीय. दादरला उतरून स्लो पकडली, करी रोडला उतरलो, गुडघाभर पाण्यातून ऑफिस गाठलं तेव्हा पावणेअकरा झाले होते. लिफ्ट बंद होती हे सांगायला नकोच.

तिसऱ्या मजल्यावरच्या रॅकसमोर उभा राहिलो आणि काहीही न जोडता कळलं. स्विच म्हणजे सगळ्या मशीनच्या वायरी जिथे येऊन मिळतात तो डबा. त्याचे दिवे एरवी कसे, ज्याचे त्याचे आपल्या मनाने लुकलुकतात, कोणी जोरात कोणी हळू. त्या दिवशी चोवीसच्या चोवीस एका तालात, गणपतीच्या मखराला माळ लावावी तसे. असं दिसलं की समजायचं, लूप लागलाय, ब्रॉडकास्ट स्टॉर्म सुरू आहे.

ज्यांना हे माहीत नाही त्यांच्यासाठी थोडं सांगतो. स्विचला ब्रॉडकास्ट फ्रेम, म्हणजे सगळ्यांसाठीचा निरोप, आली, उदाहरणार्थ एखादं मशीन ओरडलं "अमुक आयपी पत्ता कोणाचा रे?", की ज्या पोर्टवरून, म्हणजे वायर खोचायच्या भोकातून, आली ते सोडून बाकी सगळ्या पोर्टवर स्विच ती पाठवतो. आता दोन स्विचमध्ये दोन वायरी असतील तर एका वायरीने गेलेली फ्रेम दुसरीने परत येते, मग परत जाते, परत येते, आणि प्रत्येक फेरीत बाकीच्या पोर्टवर तिच्या कॉप्या सुटत राहतात. आयपी पॅकेटला निदान टीटीएल नावाचा आकडा असतो, प्रत्येक राउटरवर एक कमी, शून्य झालं की संपलं. इथरनेट फ्रेमला तसलं काहीच नाही. ती म्हणजे कपाळावरच्या जखमेला तेल मागत फिरणारा अश्वत्थामा, मरणच नाही. आणि प्रत्येक मशीनला प्रत्येक ब्रॉडकास्ट वाचावाच लागतो, त्यामुळे नेटवर्क तर जातंच पण पीसीपण रडायला लागतात. लोकांना वाटतं व्हायरस आला.

बरं, मग वायर एकच ठेवा ना! पण एकच ठेवली आणि उंदराने कुरतडली तर मजलाच बंद. म्हणून जादाची वायर हवी, पण चालू नको, तयार नुसती बसून राहायला हवी. हे जमवणारी युक्ती म्हणजे स्पॅनिंग ट्री, एसटीपी. रेडिया पर्लमन नावाच्या बाईंनी डीईसी कंपनीत असताना काढली, १९८५ साली त्यावरचा पेपर आला आणि पेपरच्या सुरुवातीला त्यांनी चक्क कविता टाकली होती. इंजिनिअरने कविता करावी आणि ती पेपरात छापूनही यावी, मला हे फार आवडतं. तर स्विच एकमेकांना दर दोन सेकंदांनी एक छोटी चिठ्ठी पाठवतात, बीपीडीयू म्हणतात तिला, त्यावरून आपल्यातला एक मुख्य ठरवतात, तो रूट. मग प्रत्येक जण रूटकडे जाणारा सगळ्यात स्वस्त रस्ता चालू ठेवतो आणि ज्या जादाच्या रस्त्याने गोल तयार होईल तो ब्लॉक करतो. उरतं ते झाड. झाडात एका पानाकडून दुसऱ्या पानाकडे जायला एकच वाट, गोल फिरायची सोयच नाही.

हे सगळं त्या ऑफिसमध्ये चालू होतं बरं का. मीच चालू ठेवलं होतं. मग लूप लागलाच कसा?

लॅपटॉपवरून स्विचला लॉगिन होईना, पिंग, म्हणजे "आहेस का" अशी हाक, शंभरातले चार परत येत होते. मग नेटवर्क सोडून थेट स्विचला जोडायची ती निळी चपटी कन्सोल केबल काढली, यूएसबी कन्व्हर्टर लावला, कन्व्हर्टरचा ड्रायव्हर नेहमीप्रमाणे रुसला, दुसऱ्या यूएसबीत घातल्यावर ऐकलं. अक्षर टाइप केलं की पाच सेकंदांनी स्क्रीनवर उमटत होतं, सीपीयू ९९ टक्के. पण स्विचचा लॉग, म्हणजे त्याची डायरी, मात्र धो धो वाहत होता, अमुक मशीनचा जन्मजात नंबर म्हणजे मॅक अ‍ॅड्रेस पोर्ट ३ आणि पोर्ट २२ मध्ये फ्लॅप होतोय, तमुक पोर्ट ७ आणि २२ मध्ये, अजून एक ११ आणि २२ मध्ये. म्हणजे मशीन आहे तिथेच आहे हो, पण त्याचीच फ्रेम फिरून दुसऱ्या दारातून परत येते, आणि स्विच बिचारा गोंधळतो की हा माणूस राहतो तरी कुठे.

इथे एक गोष्ट लक्षात ठेवण्यासारखी आहे, मला शिकायला बरीच वर्षं लागली. त्या ओळी वाचत बसायच्या नाहीत, प्रत्येक ओळीत कॉमन काय आहे ते बघायचं. २२. चोर बावीस नंबरच्या दारापलीकडे आहे.

बावीसमधून वायर जाते पॅन्ट्रीशेजारच्या स्टोअरमध्ये. तिथे एक जुना १०० एमबीपीएसचा स्विच, कॅमेरे आणि थंब मशीन त्याच्यावर, आणि तिथून एक जादाची वायर खाली दुसऱ्या मजल्यावर. मला जरा नवल वाटलं, कारण तिसऱ्यावरून दुसऱ्यावर थेट गिगाबिट, म्हणजे दहापट वेगाची, लाइन आहे, पोर्ट २४ वर, मग सगळा धुरळा पॅन्ट्रीतून कसा येतोय? पण विचार करायला वेळ कोणाला, मागे शेठ येऊन उभे राहिले होते. मी बावीसची वायर उपटली.

दिवे शांत झाले. टॅली उघडलं. कोणीतरी "आलं आलं" असं ओरडलं, मॅडमनी चहा सांगितला. मी घाम पुसतोय न पुसतोय, पाऊण मिनिट झालं असेल, आणि दिवे परत सगळे एका तालात.

काय झालं होतं ते मला नंतर कळलं, तेव्हा नुसता घाम फुटला. बावीस गेल्यावर एसटीपीला वाटलं मुख्य रस्ता तुटला, आता राखीव काढूया. त्याने इमानदारीत वाट बघितली, जुन्या एसटीपीत आधीची माहिती शिळी व्हायला २० सेकंद लागतात, मग लिसनिंगचे १५, लर्निंगचे १५, आणि पन्नासाव्या सेकंदाला पोर्ट २४ उघडून दिलं. ज्यासाठी ठेवलाय तेच काम त्याने केलं. फक्त त्या राखीव रस्त्यानेही चोरच आला. मग मी चोवीसपण उपटली. तिसरा मजला सुटा झाला, टॅलीचा सर्व्हर तिथेच असल्यामुळे अर्धं ऑफिस कामाला लागलं, शेठ खाली गेले, मीही लॅपटॉप बगलेत मारून जिना उतरलो.

दुसऱ्या मजल्याच्या स्विचवर लॉग एकच गाणं गात होता, १४ आणि १९, १४ आणि १९. चौदा शटडाउन मारला. सन्नाटा. शांतता ऐकू येते म्हणतात ना, तसे दिवे शांत दिसतात.

मग कॉन्फिगरेशन उघडलं, चौदा नंबरला असं काय आहे बघायला. डिस्क्रिप्शनमध्ये लिहिलेलं, "मीटिंग रूम, टेम्पररी", पुढे माझी दोन आद्याक्षरं आणि दोन वर्षांपूर्वीची तारीख. खालच्या ओळीत बीपीडीयू फिल्टर एनेबल.

खोटं कशाला बोलू, आधी मी मागे वळून बघितलं कोणी वाचत नाही ना.

झालं होतं असं की मीटिंग रूममध्ये बाहेरचे लोक येतात म्हणून तिथल्या पोर्टांवर मी बीपीडीयू गार्ड लावला होता. म्हणजे या पोर्टवर कुठल्याही स्विचची चिठ्ठी आली की पोर्ट सरळ बंद, एरर-डिसेबल. दोन वर्षांपूर्वी कोणी पार्टी डेमोला स्वतःचा स्विच घेऊन आली, तो बोलका स्विच होता, चिठ्ठ्या पाठवणारा, पोर्ट पडला, डेमो अडकला, शेठ फोनवर तापले. मी घरून रिमोट घेऊन एका तासापुरता फिल्टर टाकला. फिल्टर म्हणजे काय तर या पोर्टवर चिठ्ठी पाठवू नको आणि आली तर बघू नको. गार्ड असला तरी फिल्टरपुढे त्याचं चालत नाही. म्हणजे वॉचमनला मीच कानात बोळे घालून आणि डोळ्यांवर पट्टी बांधून उभा केला, आणि तासाभराचे दोन वर्षं झाले. शेजारच्या एकोणीसवरून चिठ्ठी निघाली तरी ती चौदावर येऊन मरायची, आणि चौदा स्वतः काही पाठवायचाच नाही, त्यामुळे एकोणीसचा गार्डही आपला निवांत. एक फिल्टर पुरला दोघांना आंधळं करायला.

मीटिंग रूममध्ये गेलो. रविवारी रंगकाम झालेलं, ऑइल पेंटचा वास, फर्निचर अजून वाकडंतिकडं. टेबलाखाली पाच पोर्टचा प्लास्टिकचा छोटा स्विच, त्यातून एक वायर भिंतीतल्या एका पॉइंटला आणि दुसरी वायर शेजारच्या पॉइंटला. ऑफिसमधले मामा दारात उभे. त्यांना विचारलं तर म्हणाले, "दादा, ती वायर लोंबत होती हो, कोणाच्या पायात आली तर पडेल माणूस, म्हणून शेजारी भोक रिकामं होतं त्यात खोचली."

काय बोलणार. खोचण्यासाठीच असतं ते भोक. मामांचं काहीच चुकलं नव्हतं, रंगवाल्यांनी काढलेलं सगळं त्यांनी एकट्याने जागेवर लावलं होतं. मी शेठना सांगितलं की वायर चुकून दोनदा लागली होती आणि जे सेटिंग ते पकडतं ते माझ्याकडून बंद राहिलं होतं. शेठ गुजराती, मराठी आमच्यासारखंच बोलतात, एवढंच म्हणाले, "म्हणजे बिल नाही ना लावणार?"

दुपारी सगळं जोडल्यावर निवांत शो स्पॅनिंग-ट्री ही कमांड मारून बसलो, आणि दुसरी चूक सापडली, ती पहिलीपेक्षा जुनी. रूट कोण? पॅन्ट्रीतला तो म्हातारा १०० एमबीपीएसवाला! झालं कसं, रूट ठरतो सगळ्यात लहान ब्रिज आयडीवर. आधी प्रायॉरिटी बघतात, ती कोणी बदललीच नाही तर सगळ्यांची ३२७६८. बरोबरी झाली की मॅक अ‍ॅड्रेस लहान कोणाचा ते बघतात, आणि एकाच कंपनीचे स्विच असले की जुन्या डब्याचा नंबर बऱ्याचदा लहान निघतो. आपल्या सोसायटीच्या इलेक्शनसारखं आहे हे, कोणीच फॉर्म भरला नाही की सगळ्यात जुने काका चेअरमन, मग त्यांना जिना चढवत नसला तरी चालेल.

आणि काका रूट झाल्यावर गणित काय होतं बघा. १०० एमबीपीएसच्या वायरीची कॉस्ट १९, गिगाबिटची ४. तिसऱ्या मजल्याला पॅन्ट्रीकडे थेट १९, दुसऱ्या मजल्यालाही थेट १९, गिगाबिटवरून वळसा घेऊन गेलं तर ४ अधिक १९ म्हणजे २३. त्यामुळे दोघांनीही पॅन्ट्रीची वाट धरली आणि ती सुंदर गिगाबिट लाइन ब्लॉक करून ठेवली. दोन मजल्यांमधलं सगळं, टॅली, बॅकअप, स्कॅनिंग, चहाच्या कपांशेजारच्या त्या १०० एमबीपीएसमधून चाललं होतं. कोण जाणे किती दिवसांपासून. बॅकअप स्लो आहे अशी तक्रार मॅडम वर्षभर करत होत्या आणि मी हार्ड डिस्क बदला सांगत होतो. एक बदललीसुद्धा होती त्यांनी.

पुढच्या शनिवारी दुपारनंतर ऑफिस रिकामं घेतलं आणि व्यवस्थित बसलो. तिसऱ्या मजल्याच्या स्विचला प्रायॉरिटी ४०९६, दुसऱ्याला ८१९२ (४०९६ च्या पटीतच देता येते, मनाला येईल ती नाही), म्हणजे पहिला मेला तर दुसरा चेअरमन, पॅन्ट्रीला हात लावायची गरजच नाही, तो आपोआप शेवटी गेला. मोड रॅपिडवर टाकला. रॅपिड स्पॅनिंग ट्रीचं स्टँडर्ड २००१ सालचं आहे, म्हणजे इतकी वर्षं ते माझ्या स्विचमध्ये पडून होतं आणि मी जुन्या पन्नास सेकंदांवर दिवस काढत होतो. जे पोर्ट पीसी, फोन, प्रिंटरला जातात त्या सगळ्यांना पोर्टफास्ट आणि त्याच्यासोबत गार्ड, अपलिंक, म्हणजे स्विच-स्विचमधल्या वायरी, सोडून.

पोर्टफास्टबद्दल थोडं बोलायलाच हवं, कारण खरी मारामारी तिथे आहे. एसटीपी चालू असला की पीसी लावल्यावर पोर्ट तीस सेकंद कोणाशी बोलत नाही, तेवढ्यात आयपी पत्ते वाटणारं डीएचसीपी थकून जातं, मशीनला आयपी मिळत नाही, युजर ओरडतो. मग आमच्यातले अर्धे लोक काय करतात, एसटीपीच बंद करून टाकतात, नेट फास्ट झालं म्हणून शाबासकी पण घेतात. अशी दोन ऑफिसं मी ताब्यात घेतलीयत. तीस सेकंदांवरचा इलाज पोर्टफास्ट आहे, या पोर्टवर नुसतं मशीन आहे, वाट बघू नको. आणि मशीन नाही निघालं, स्विच निघाला, तर त्यासाठी गार्ड. हे दोघं जोडीनेच लावायचे, एकटा पोर्टफास्ट म्हणजे कडी न लावता दार लोटून झोपणं.

मग मुद्दाम लूप लावून बघितला. पहिल्यांदा करताना हात थरथरतो, सांगून ठेवतो. लॅमिंग्टन रोडवरून तीन वेगवेगळे छोटे स्विच आणले होते, सगळे पाचशे-हजारातले. पहिला लावला, त्याची एक वायर त्याच्याच दोन पोर्टांत खोचली. चिठ्ठी आत गेली, गोल फिरून आमच्याच दारात परत आली, पोर्ट एरर-डिसेबल, डोळ्याची पापणी लवायच्या आत. दुसराही तसाच. तिसऱ्याने मात्र घात केला. तो चिठ्ठ्याच गिळत होता, बीपीडीयू पुढे जाऊच देत नव्हता, त्यामुळे गार्डला पत्ता नाही आणि दिव्यांची माळ परत सुरू. शनिवार होता म्हणून बरं. मग त्याच्यासाठी स्टॉर्म कंट्रोल लावला, ब्रॉडकास्ट एका हद्दीपलीकडे गेला की पोर्ट बंद. हद्द आधी फार कमी ठेवली तर सकाळी सगळी मशीन एकदम चालू होताना पोर्ट पडेल अशी भीती, म्हणून एक टक्क्यावर ठेवली, पुढचे चार दिवस बघत बसलो, पडला नाही एकही.

एक गोष्ट अजून घोळत होती, पडलेला पोर्ट आपोआप उठवायचा की नाही. आपोआप रिकव्हरीला डिफॉल्ट ३०० सेकंद. पुस्तकी लोक म्हणतील आधी कारण शोधा मग उठवा. बरोबर आहे, पण ते पुस्तकी लोक डोंबिवलीला राहत नाहीत. मी रिकव्हरी चालू ठेवली. लूप तसाच असेल तर पाच मिनिटांनी उठेल आणि लगेच परत पडेल, बाकी ऑफिसला झळ नाही.

आणि फिल्टरची ओळ काढली. सगळ्या क्लायंटच्या सगळ्या स्विचवर हा शब्द शोधला, अजून तीन ठिकाणी सापडला, तिन्ही माझेच. २००२ च्या नोव्हेंबरमध्ये बॉस्टनमधल्या बेथ इस्रायल डीकॉनेस हॉस्पिटलचं नेटवर्क स्पॅनिंग ट्रीच्याच गोंधळाने चार दिवस आडवं होतं, डॉक्टर कागदावर आले होते. त्या तीनपैकी एक फिल्टर माझ्या एका पॅथॉलॉजी लॅबच्या क्लायंटकडे होता. त्या रात्री जेवण गेलं नाही.

सोमवारी मॅडमचा मेसेज, बॅकअप जेवणाच्या सुट्टीत संपला, नवीन हार्ड डिस्क चांगली आहे म्हणाल्या. मी खरं सांगायला फोन हातात घेतला आणि ठेवून दिला. सांगीन कधीतरी.

सप्टेंबरमध्ये, गणपती नुकते उठले होते, मामांचा फोन. "दादा, आधीच सांगतो, मी कशाला हात लावलेला नाही. पण मीटिंग रूममधल्या त्या टेबलाखालच्या डब्याचा दिवा गेलाय, आणि बाकी सगळं ऑफिस चालू आहे." मी लॉगिन केलं, चौदा आणि एकोणीस दोन्ही एरर-डिसेबल, कारण बीपीडीयू गार्ड. मामांना विचारलं, मग वायर लावली कोणी?

आवाज एकदम बारीक झाला त्यांचा. "शेठनी. स्वतः टेबलाखाली शिरले होते, लोंबत होती म्हणाले. मी म्हटलं राहू द्या, दादाला विचारतो, पण ऐकतात कुठे."

"बरं, आता आहेत कुठे?"

"इथेच. अजून टेबलाखालीच आहेत, तिसरं भोक शोधतायत."